रत्नाक्कांची शिडी

“टोचली का, बाई?” रत्नाक्कांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

टोचलेली नव्हती. टोचणार कशी? त्या सुईला टोकच नव्हतं. नाटकातली सुरी पोटात खुपसली की मुठीत सरकते ना, तशी ती सुई कातडीला टेकली की स्वतःच्याच दांड्यात आत जायची. खांद्यावर चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या कड्यात ती ताठ उभी राहायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, चांगली पेरभर आत गेली आहे. अशा सहा सुया मी रत्नाक्कांच्या उजव्या खांद्यावर उभ्या केल्या, वीस मिनिटांचं घड्याळ लावलं आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू न देता शेजारच्या स्टुलावर बसून राहिले.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. सांगली-मिरजेकडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. पुण्याहून आलेली, अविवाहित, जरा फटकळ, आणि आपल्याइतकं प्रामाणिक माणूस पंचक्रोशीत नाही अशी स्वतःबद्दल पक्की खात्री असलेली. ती खात्री कुठे आणि कशी गेली, तेच सांगते आहे.

आमचे विभागप्रमुख होते डॉ. उपळेकर. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांनी दुखणं कमी होतं असं लोक सांगतात, तर ते कमी होताना शरीरात नेमकं घडतं काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला होता. सुईनं मज्जातंतू चाळवला जातो? शरीर स्वतःचं म्हणून जे वेदनाशामक तयार करतं, ते रक्तात वाढतं? की सुई नुसती नावाला, आणि काम दुसरंच काहीतरी करतं? हे शोधायचं तर एकच मार्ग होता. खांदेदुखीची साठ माणसं घ्यायची, तीस जणांना खऱ्या सुया टोचायच्या, तीस जणांना खोट्या, आधी-नंतर सगळ्यांचं रक्त तपासायचं, आणि कुणाला काय मिळालं ते कुणाला कळू द्यायचं नाही. उपळेकरांनाही नाही. माहीत असणारं माणूस एकच, सुया लावणारं. म्हणजे मी.

माझ्यावर बोलण्याचीही बंधनं होती. सगळ्यांशी ठरलेली तीच वाक्यं बोलायची, त्याच सुरात. कुणी “टोचली का” विचारलं तर “हो” म्हणायचं. संमतीपत्रात एक ओळ होती की सुया खऱ्या किंवा नकली असू शकतील. ती मी प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. लोक मान डोलवायचे, सही करायचे आणि मग बाही वर करून विचारायचे, किती दिवसांत बरं वाटेल?

रत्नाक्का मगदूम इचलकरंजीच्या. वय चौपन्न. घराच्या मागं शेडमध्ये चार माग होते. त्या मागांत घालायच्या सुताच्या कांड्या भरायचं मशीन लग्न होऊन आल्यापासून रत्नाक्का चालवत होत्या. तीन वर्षांपासून उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जाईना. एक्स-रे काढला तर त्यात काही निघालं नाही, आणि तिथंच त्यांचं घोडं अडलं. “फोटो चांगला आला” म्हटल्यावर घरात सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मुलगा सुकुमार आईला वाईट बोलणारा नव्हता, पण दुखतंय म्हटलं की तो फोटोकडं बोट दाखवायचा. सून त्रिशला काही बोलायची नाही, फक्त सुताची टोपली सासूच्या स्टुलापाशी आणून ठेवायची. हे सगळं रत्नाक्कांनी मला पहिल्याच मंगळवारी सांगितलं. मी उत्तर देऊ शकत नव्हते. ऐकून घ्यायला मात्र नियमात बंदी नव्हती.

ज्यांना लिहिण्या-वाचण्याची सवय नाही त्यांच्यासाठी मी कागदावर एक शिडी काढली होती. दहा पायऱ्या. सगळ्यात वर दुखणं सहन न होण्याइतकं आणि सगळ्यात खाली, जमिनीवर, शून्य, म्हणजे काहीच दुखत नाही. आज आपण कुठल्या पायरीवर आहोत तिथं फुली मारायची. पहिल्या दिवशी रत्नाक्कांनी पेन हातात घेऊन बराच वेळ शिडीकडं पाहिलं.

“हे मी मारायची? तुमी न्हाई?”

“तुम्हीच. तुमचं दुखणं तुम्हालाच माहीत.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग आठव्या पायरीवर फुली मारली. त्यांच्या फुलीची एक रेघ आखूड आणि एक लांबलचक असायची. साठ शिड्यांच्या गठ्ठ्यातून त्यांची शिडी मी सहज ओळखायचे.

दुसऱ्या मंगळवारी फुली सातवर आली, तिसऱ्या मंगळवारी पाचवर. चौथ्या मंगळवारी रत्नाक्का खोलीत आल्या त्याच मुळी पाठ फिरवून. मला कळेना, काय दाखवताहेत. मग डोक्याकडं बोट केलं.

“आज अंबाडा माझा मीच घातला, बाई. तीन वर्सांनी.”

अंबाडा जरा कलला होता, दोन आकडे बाहेर आले होते. मला इतका आनंद झाला की ठरलेलं वाक्य विसरून मी “वा!” म्हणून बसले. नंतर त्या “वा”ची वहीत नोंद करावी की काय म्हणून अर्धा तास डोकं खाजवलं. असली मी प्रामाणिक.

घरातही फरक पडला होता. सुकुमारनं तारखांचं कार्ड भिंतीवर खिळ्याला लावलं होतं. खांद्यावरच्या कड्यांच्या गोल खुणा रत्नाक्का घरी दाखवायच्या, शेजारणीलाही दाखवायच्या. एवढ्या मोठ्या कॉलेजात सुया टोचतात म्हणजे काहीतरी असलंच पाहिजे, असं सुकुमार बोलला. त्यानं मशीन त्रिशलाकडं दिलं. आईनं आठ आठवडे खांद्याला जपायचं, असं ठरलं. रत्नाक्का दुपारच्या बस्तीत, म्हणजे जैन देवळात, जाऊन बसू लागल्या. बहिणीकडं चार दिवस राहून आल्या. आठव्या मंगळवारी फुली दोनवर होती. जाताना दारात थांबून त्यांनी दुखरा हात पार डोक्याच्या वर नेला आणि हसून “मी येतो, बाई” म्हणाल्या. तिकडच्या बायका स्वतःला ‘येतो, जातो’च म्हणतात. मला पुणेरीला सुरुवातीला ते खटकायचं, पुढं फार गोड वाटायला लागलं.

मग गठ्ठे उघडले. उपळेकरांनी आकडे मांडले आणि दोन दिवस ते पुन्हा पुन्हा तपासत राहिले. खऱ्या सुयांच्या तीस जणांना आराम पडला होता. खोट्या सुयांच्या तीस जणांनाही पडला होता, जवळजवळ तितकाच. रक्तातलं ते वेदनाशामकही दोन्हीकडं वाढलेलं. सगळ्यात जास्त वाढलेलं ज्यांच्यात, त्या होत्या क्रमांक एकेचाळीस. रत्नाक्का. न टोचलेल्या सुईमुळं त्यांच्या शरीरानं खरंखुरं औषध स्वतःचं स्वतः काढलं होतं.

आता प्रत्येकाला काय मिळालं होतं ते सांगणं भाग होतं. नीतिमत्ता समितीची तशी अटच होती. आणि उपळेकरांना त्यात नवा प्रश्न दिसला. सुया खोट्या होत्या हे कळल्यावरही आराम टिकतो का? सहा महिन्यांनी सगळ्यांना शिडी पुन्हा पाठवायची, असं त्यांनी ठरवलं. सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. एकेकाला बोलावून समोर बसवून सांग, असं ते म्हणाले होते. मला ते पटलं नाही. तोंडचं बोलणं हवेत जातं, लेखी दिलं की जबाबदारी येते, असं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी खांदे उडवले.

ते पत्र मी तीन दिवस बसून लिहिलं. प्रत्येक शब्द सोप्यात सोपा. विभागाच्या शिपायाला वाचून दाखवलं, त्याला अडलेला प्रत्येक शब्द बदलला. कॉलेजचा शिक्का, खाली माझी सही. “आपणास लावलेल्या सुया खऱ्या नव्हत्या. त्या कातडीच्या आत जात नव्हत्या. तरीही आपणास आराम पडला असेल, तर तो आपल्या मनामुळे पडला आहे.” हे शेवटचं वाक्य तर मला फारच आवडलं होतं. माणसाच्या मनात केवढी ताकद असते, ते मी एका ओळीत सांगितलं, असं वाटलं होतं. तीसच्या तीस पाकिटं मी स्वतः टपालात टाकली. पुढच्या महिन्यापासून खऱ्या सुया मोफत मिळतील, येऊन जा, असंही खाली लिहिलं होतं.

दोन आठवड्यांनी, मंगळवारीच, रत्नाक्का आल्या. एकट्या, एसटीनं. केसांची नुसती गाठ मारलेली होती. पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणलं होतं. त्या टेबलाशी बसल्या, पत्र उलगडून माझ्यासमोर ठेवलं आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

“हे तुमीच लिवलाय न्हवं?”

“हो.”

पत्र सुकुमारनं सगळ्यांसमोर वाचलं होतं. बहीणही आली होती तेव्हा. ‘मनामुळे’ आलं तिथं तो थांबला, ती ओळ त्यानं परत वाचली आणि पत्र आईच्या हातात दिलं. कुणी हसलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुताची टोपली त्यांच्या स्टुलापाशी ठेवलेली होती. खिळ्यावरचं कार्ड काढलेलं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

“बाई, मला एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या. “माजं दुकनं खरं हुतं का न्हवतं?”

खरं होतं, मी म्हटलं. अगदी खरं होतं, आणि बरं वाटलं तेही खरं. रक्तात दिसलंय. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, शरीर आपलं औषध आपण कसं तयार करतं ते कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हे तुमी तोंडानं म्हनताय. कागदात न्हाई.”

बरोबर होतं. रक्ताचा अहवाल शोधनिबंध छापून येईपर्यंत बाहेर द्यायचा नाही, असा नियम होता. तो मोडावा असं मला सुचलंसुद्धा नाही.

रत्नाक्कांनी पत्राची घडी घातली. खांदा दाबत म्हणाल्या, “मग असं करा. दुसरा एक कागद द्या. चूक झाली म्हनावं, नावं बदलली गेली. रत्नाक्काच्या सुया खऱ्या हुत्या. एवढी एक वळ लिवा आनि शिक्का मारा. बास.”

“रत्नाक्का, खोटं कसं लिहून देऊ मी?”

“माज्या एकटीसाटी.”

“नाही देता येणार. माफ करा. पण पुढच्या मंगळवारपासून खऱ्या सुया लावू, चालेल?”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नव्हे. दुकानात आपल्याला हवी ती वस्तू नसावी आणि माणसानं दुसरंच काहीतरी काढून दाखवावं, तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“आट मंगळवार मी इचारलो, टोचली का. आट मंगळवार तुमी हो म्हनला,” त्या म्हणाल्या. “तवा येत हुतं की तुमास्नी.”

त्या उठल्या, पिशवी उचलली. दारात मी “येत राहा” असं काहीतरी पुटपुटले. या वेळी त्या ‘मी येतो’ म्हणाल्या नाहीत.

त्या रविवारी मी इचलकरंजीला गेले. घरच्यांना समजावते, असं मनाशी ठरवून गेले होते. सुकुमारनं मला बघून खुर्ची आणली, माझं बोलणं ऐकू यावं म्हणून जवळचे दोन माग बंद केले. मेंदू, मज्जातंतू, रक्त, जे जे येत होतं ते सगळं मी ओतलं. तो मन लावून ऐकत होता, मधेच एखादा शब्द पुन्हा विचारत होता.

“मॅडम, मी काय शिकलेला न्हाई,” शेवटी तो म्हणाला. “पण सुई खोटी, औषध न्हाई, आनि खांदा बरा. मग खांद्याला हुतं काय? तुमीच लिवलंय, मनामुळं. आता मनानं बरं झालं तर झालं की. आमची काय तक्रार हाय?”

त्रिशला चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता ती पहिल्यांदाच बोलली. “आठ आठवडे म्या भरल्यात कांड्या. माजी बी मनगटं दुकत्यात, मॅडम. मला कुटं कार्ड हाय?” तिच्या मनगटाला मळकं फडकं गुंडाळलेलं होतं.

रत्नाक्का शेडच्या कोपऱ्यात मशीनपाशी बसल्या होत्या. सूत डाव्या हातानं लावत होत्या. उजवा कोपर अंगाशी घट्ट धरलेला. मी जवळ जाऊन उभी राहिले, तरी नजर सुतावरच होती. “चा घेऊन जावा, बाई,” एवढंच त्या म्हणाल्या. मी चहा घेतला आणि निघून आले.

सहा महिन्यांनी शिड्या टपालानं परत आल्या. खोट्या सुयांच्या तीसपैकी एकोणीस आल्या. बहुतेकांच्या फुल्या वर चढल्या होत्या, खोटं होतं हे कळल्यावर दुखणं परतलं होतं. सात-आठ जणांच्या तेवढ्या खालीच राहिल्या होत्या. क्रमांक एकेचाळीसची शिडी मी फुलीवरनंच ओळखली. एक रेघ आखूड, एक लांबलचक. फुली शून्यावर होती. दोनवर नाही, एकवर नाही, थेट जमिनीवर. पेन इतकं दाबलं होतं की तिथं कागद फाटला होता. खालच्या प्रश्नांची उत्तरं सुकुमारच्या अक्षरात होती. काम करता का? हो, पूर्ण दिवस. कोणती तक्रार? काही नाही.

त्या फुलीचा अर्थ कळायला मला एक मिनिट लागलं नाही. मी तो कोपर अंगाशी धरलेला पाहिला होता. दुखणं सांगायची जागा म्हणून मीच ती शिडी त्यांच्या हातात दिली होती, तुमचं दुखणं तुम्हालाच माहीत म्हणून. खांदा दुखतच होता; फक्त ते सांगायची ती जागा आता त्यांनी मला परत केली होती.

उपळेकर मात्र खूश होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कळल्यावरही ज्यांचा आराम टिकला त्या सात-आठ जणांत सगळ्यात ठळक आलेख एकेचाळीसचा होता. आठ, सात, पाच, दोन, शून्य. उतरत उतरत जमिनीवर. आणि रक्ताचे आकडे त्याला जोडून. सबंध निबंध त्यावर उभा राहत होता. पुढं तो आलेख कुठल्या कुठल्या सभागृहात दाखवला गेला आणि त्यानं मला काय काय मिळवून दिलं, ते सांगत बसत नाही. मिळालं, आणि मी घेतलं.

उपळेकर माणूस चोख होता. आकडे पक्के करण्याआधी ती फाटकी शिडी त्यांनी उजेडाकडं धरली, चष्मा वर केला.

“सबनीस, तू या बाईंच्या घरी जाऊन आलीस ना? मला जरा शंका येते आहे. शून्य जरा जास्तच होतं. तुला खात्री नसेल तर तसं सांग, मी हिला काढून टाकतो. निबंध पडला तर पडला.”

खोलीत तेच स्टूल होतं, तेच घड्याळ. कड्यांचा डबा टेबलावर उघडा पडला होता. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो खरा असता. आठ मंगळवार मला ज्याची सवय झाली होती, तो शब्द त्याच्या आधी तोंडात आला.

“ही फुली खरी आहे?” उपळेकरांनी पुन्हा विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी पेन उचललं आणि एकेचाळीससमोर शून्य लिहिलं.